गणपतराव पाहत आहेत

यशराजच्या कॉम्प्युटरला कुलूप घालायचं कृष्णात चौगलेनं ठरवलं, ते सहामाहीचा निकाल घरी आला त्या संध्याकाळी. पोरगं आठवीत. गणितात शंभरातले एकतीस, आणि त्याच महिन्यात कॉम्प्युटरवरच्या मोटारींच्या शर्यतीत तेरा वेळा पहिला नंबर. यातली दुसरी बातमी यशराजनं स्वतःच्या तोंडानं, छाती फुगवून, पहिलीच्या आधी सांगितली होती.

"अवो, ते मशीन काढून टाका की एकदाचं," त्याची बायको शालन म्हणाली.

"काढून कसं टाकू? शाळेत विषय हाय. सर म्हणत्यात, घरी सराव पायजे."

"मग बसा, बघा सराव."

कृष्णात दूध संघाच्या प्रयोगशाळेत होता. वीस वर्षं दुधातलं पाणी शोधून त्याचा स्वभाव असा झाला होता, की समोर काहीही आलं तरी यात पाणी किती, हाच विचार आधी. मुलाच्या अभ्यासात तर त्याला दूध दिसतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर तो थेट राजारामपुरीतच, घरापासून चार गल्ल्या सोडून असलेल्या सयाजीच्या दुकानात गेला. सयाजी कॉम्प्युटर जोडून द्यायचा आणि मोकळ्या वेळात स्वतः प्रोग्रॅम लिहायचा. मोकळा वेळ त्याला भरपूर असायचा.

"साहेब, परदेशी सॉफ्टवेअर हायत की," सयाजी म्हणाला. "पर त्यातलं इंग्रजी बघून पोरं हसत्यात. म्हणून म्या आपल्या भाषेत एक बनवलाय. नाव ‘पालक’. पंधरा घरांत बसवलाय, एकाची तक्रार न्हाय."

‘पालक’ची रीत साधी होती. रोज एकच तास, पाच ते सहा. त्याआधी किंवा त्यानंतर मशीन चालू केलं, की पडदा काळा व्हायचा, मधोमध कुटुंबप्रमुखाचा फोटो यायचा आणि खाली अक्षरं उमटायची : अमुकराव पाहत आहेत. मुलाला जास्त वेळ हवा असेल तर त्यानं तिथंच विनंती लिहायची. कुटुंबप्रमुखानं आपल्या गुप्त शब्दानं आत जायचं आणि ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ दाबायचं.

"आन् घंटी न्हाय ठेवली. घंटीला पोरं दचकत न्हाईत," सयाजी अभिमानानं म्हणाला आणि त्यानं एक बटण दाबलं. दुकानात कोणीतरी खाकरलं. तीनदा, मधलं जरा लांब. कृष्णातनं चटकन मागं वळून पाहिलं आणि हातातला रुमाल खिशात घातला.

"बाप घरात शिरताना खाकरतोय का न्हाय, तसं. आमच्या मामाचं रेकॉर्डिंग हाय. आन् हे बघा, हे बटण लोकांनी लई मागितलं म्हणून घातलंय."

बटणावर लिहिलं होतं : सगळ्या विनंत्या नामंजूर. हे बटण कृष्णातला मनापासून आवडलं.

"कुटुंबप्रमुखाचं नाव?" सयाजीनं विचारलं.

"गणपतराव चौगले," कृष्णात म्हणाला.

गणपतराव म्हणजे कृष्णातचे वडील. ते वारून तीन वर्षं झाली होती. पण लाइटचं बिल गणपतरावांच्या नावावर होतं. टेलिफोन, गॅस, घरफाळा, पाणीपट्टी, दारावरची पाटी, सगळं गणपतरावांच्या नावावर. नावं बदलून घ्यायची म्हणजे दाखले, अर्ज, खेटे. तेवढ्यासाठी रजा कोण काढणार? कृष्णातच्या स्वतःच्या नावावर आख्ख्या जगात एक लूना होती. त्यामुळं कुठल्याही खिडकीतून नाव विचारलं, की त्याच्या तोंडातून वडलांचंच नाव पडायचं. चूक त्याच्या लगेच ध्यानात आली, पण सयाजीनं टाइप करून टाकलं होतं. आणि मग कृष्णातला वाटलं, हे बरंच झालं. यशराज आपल्याला कुठं भितो? भ्यायचा तो फक्त आजोबांना. वारसाच्या कागदांसाठी काढलेल्या वडलांच्या फोटोच्या दोन प्रती पाकिटात अजून पडून होत्या. त्यातली एक त्यानं सयाजीला दिली.

कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता, कारण टेलिफोनची तार तिथवरच आलेली होती. त्याच जागी पूर्वी गणपतरावांची कॉट असायची; ती आता समोरच्या भिंतीला सरकवली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरात सरूबाई एकट्या होत्या. सरूबाई कृष्णातची आई. कृष्णात कामावर, यशराज शाळेत आणि शालन बालवाडीत शिकवायला गेलेली. अकरापासून लोडशेडिंग होतं. पंखा बंद, फ्रिज बंद, खालच्या गिरणीची घरघर बंद. असल्या दुपारी भिंतीवरच्या घड्याळाचासुद्धा आवाज मोठा वाटतो. सरूबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

तीनला लाइट आली. पंखा फिरायला लागला, फ्रिज थरथरला आणि आतल्या खोलीत कोणीतरी खाकरलं. तीनदा. मधलं जरा लांब.

सरूबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी गॅसवर चहाचं आधण ठेवलं. साखर घातली. पत्ती घातली. दूध ओतताना त्यांचा हात थांबला. हा चहा आपण कोणासाठी करतोय, हे त्यांना तेव्हा आठवलं.

मग डोक्यावरून पदर घेतला आणि आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. पडदे ओढलेले होते. अंधारात एक काळी चौकट होती आणि त्या चौकटीत कोल्हापुरी फेटा बांधलेले गणपतराव त्यांच्याकडं बघत होते. सरूबाई चौथी शिकलेल्या. खालची अक्षरं त्यांनी सावकाश लावून वाचली. नाव त्यांनी मनातसुद्धा घेतलं नाही. ‘पाहत आहेत’ एवढंच वाचलं.

आता खरं सांगायचं तर यात काही नव्हतं. यशराज मशीन बंद न करता शाळेत पळाला होता. लाइट गेली तसं मशीन बंद पडलं आणि आली तसं आपोआप चालू झालं. घड्याळात पाच वाजलेले नव्हते, म्हणून ते ठरल्याप्रमाणं खाकरलं. पण हे सरूबाईंना सांगायला तिथं कोण होतं? त्यांनी चहा गाळला, कपबशी मशीनसमोर ठेवली आणि खोलीबाहेर भिंतीला टेकून बसल्या.

"ह्यो चा कुणी ठेवलाय हितं?" संध्याकाळी शालननं विचारलं. चहावर जाड साय धरली होती. यशराजला वाटलं, चहा बाबांचा असणार. कृष्णातला वाटलं, यशराजचा. त्यानं दुधात पाणी आहे का तेवढं बघितलं आणि कप मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवशी पाचला यशराज मशीनसमोर बसला, तेव्हा सरूबाई त्याच्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"यश, ते काल दिसलं. फोटूतलं."

"आजोबा व्हय? असतात की ते. सहा वाजले की येत्यात. जास्त येळ पायजे असला की त्यांना लिहून इचारायचं. मग उत्तर येतंय."

"उत्तर येतंय?"

"रोज येतंय. पर नामंजूरच असतंय."

सरूबाईंनी मान हलवली. यात त्यांना नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

"मलाबी एक इचारायचंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लिव्हशील?"

सरूबाईंना काय विचारायचं होतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी कोडोलीत त्यांच्या भावाच्या, ज्ञानूच्या, मुलीचं लग्न झालं. आहेरात गणपतरावांना फेटा बांधायचा तो न बांधता ज्ञानूनं गडबडीत टॉवेल-टोपी दिली. गणपतराव मांडवातून उठले आणि चारशे माणसांसमोर बायकोला म्हणाले, "माझ्या परवानगीबिगर कोडोलीत पाय ठेवायचा न्हाय." ती परवानगी त्यांनी कधी दिली नाही आणि सरूबाईंनी मागितली नाही. मग गणपतराव वारले. बोललेला शब्द मात्र मागंच राहिला. आता ज्ञानू अंथरुणाला खिळला होता. महिन्यापूर्वी कोडोलीहून त्याच्या मुलाचा फोन आला, "आत्याला एकदा बघायचंय म्हणत्यात." सरूबाईंनी तेव्हा आशेनं कृष्णातकडं बघितलं होतं. "बाबांचा शब्द हाय, आई. त्यात मी काय बोलणार?" असं म्हणून कृष्णात अंघोळीला गेला होता. रात्रीचे आठ वाजले होते.

यशराजनं इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं : भावाला बघून येऊ का. सरू.

त्या संध्याकाळी कृष्णात सातला मशीनसमोर बसला. सहा विनंत्या होत्या. इंग्रजी अक्षरांतलं मराठी वाचायचा त्याला कंटाळा. आणि वाचायचं काय त्यात? अजून अर्धा तास, अजून एक डाव. त्यानं ‘सगळ्या विनंत्या नामंजूर’ दाबलं आणि जेवायला बसला. शेजारच्या पाटावर सरूबाई होत्या.

सकाळी शाळेत जायच्या आधी यशराजनं बघितलं. "आज्जी, नामंजूर."

"असू दे," सरूबाई म्हणाल्या. "रागाचा भर असंल. उद्या परत लिव्ह."

यशराजला वाटत होतं, बाबा सगळं वाचतात आणि वाचूनच नको म्हणतात. मोठ्या माणसांच्या भांडणात पडायचं नाही, एवढी अक्कल त्याला होती. त्यानं परत लिहिलं. परत नामंजूर. आता सरूबाई रोज तीन वाजता चहा ठेवायच्या आणि पाच वाजता विनंती सांगायच्या. त्यांनी आतल्या खोलीत मोठ्यानं बोलणं सोडलं. मशीनकडं पाठ करून त्या कधी बसत नसत. एकदा शालननं मशीनवर ओलं फडकं टाकलं, तर सासूबाईंनी ते घाईघाईनं उचललं आणि म्हणाल्या, "तोंडावर नको टाकू." शालनच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं तेव्हापासून त्या खोलीत झाडू मारताना देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

खालच्या मजल्यावरच्या बाळाबाई एकदा तीन वाजता विरजण मागायला वर आल्या आणि दारातच थबकल्या.

"सरूबाई, आत कोण खाकरलं?"

सरूबाईंनी ओठावर बोट ठेवलं आणि त्यांना आतल्या खोलीच्या दाराशी नेलं. बाळाबाईंनी फोटो बघितला. फोटोतले डोळेही त्यांच्यावर रोखलेले होते. गणपतराव जिवंत असताना बाळाबाईंना जिन्यात भेटले, तरी त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची.

"बोलत्यात?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"लिवून इचारायचं. सांजच्याला उत्तर देत्यात."

"काय म्हणत्यात?"

"न्हाय म्हणत्यात."

"तेच हायत," बाळाबाई म्हणाल्या.

त्यांची मुलगी मोना लग्नाची होती. जयसिंगपूरचं स्थळ सांगून आलेलं, नवरा होय म्हणत होता, बाळाबाईंचं मन मात्र डळमळत होतं. त्यांनी यशराजच्या हातात चिक्की ठेवली आणि लिहून घेतलं : मोनाला जयसिंगपूरला द्यावी का. त्या सोमवारी संध्याकाळी कृष्णातला सर्दी झाली होती. त्यानं शिंकत शिंकत बटण दाबलं. मंगळवारी सकाळी बाळाबाईंनी जयसिंगपूरला नकार कळवून टाकला.

ही गोष्ट सरूबाईंच्या मनाला लागली. बाळाबाईंचं निदान एका दिवसात तडीला गेलं, आपलं दोन आठवडे लोंबकळतंय. त्यांनी कापडी पिशवीत दोन लुगडी आणि भावासाठी राजगिऱ्याचे लाडू भरून कॉटखाली ठेवले होते. लाडू एकदा मऊ पडले म्हणून बदललेसुद्धा. कोडोलीहून परत फोन आला, ज्ञानूला आता धड बोलता येत नाही म्हणून.

रविवारी संध्याकाळी साडेचारला दाराची कडी वाजली. कृष्णातनं दार उघडलं. बाहेर पांढरा सदरा, टोपी आणि हातात छत्री अशी एक भारदस्त व्यक्ती उभी होती.

"या की पावणं, बसा."

"बसायला आलो न्हाय. मी आकाराम, जयसिंगपूरचा. गणपतराव चौगले हितंच राहत्यात न्हवं? पाटी तर हाय."

"व्हय. म्हंजे, राहत होते."

"बोलवा त्यांस्नी."

"ते वारले. तीन वर्सं झाली."

आकाराम रागानं लाल झाले. "आन् सोमवारी माझ्या पोराचं स्थळ कुणी मोडलं मग?"

"सोमवारी?"

"बाळाबाईंनी स्वतः सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या गणपतरावांनी सोमवारी सांजच्याला नामंजूर केलं म्हणून. कारण बी दिलं न्हाय! पोरगं मास्तर हाय, पान खात न्हाय, बिडी वडत न्हाय. नामंजूर कशापायी? मला त्यांच्या तोंडनं ऐकायचंय."

कृष्णातनं दाराची चौकट धरली. बाहेर लख्ख ऊन होतं, जिन्यात पोरं क्रिकेट खेळत होती आणि त्याच्या पाठीच्या कण्यातून थंडगार काहीतरी खाली सरकत गेलं. सोमवारी संध्याकाळी. सात वाजता. शिंका.

"पावणं, चा घ्या," तो कसाबसा म्हणाला. "मी आत इचारून येतो."

"कुणाला?" आकारामांनी विचारलं. तोवर कृष्णात आत गेला होता.

त्यानं गुप्त शब्द टाकला, यादी उघडली आणि पहिल्यांदाच वाचायला लागला. इंग्रजी अक्षरं एकेक करून लावताना त्याचे ओठ हलत होते. अर्धा तास द्या. अजून एक डाव. रविवार आहे. मग : भावाला बघून येऊ का. सरू. त्याखाली लाल अक्षरांत, गणपतराव यांनी आपली विनंती नामंजूर केली आहे. मोनाला जयसिंगपूरला द्यावी का. नामंजूर. सकाळी जाऊन दुपारी परत येईन. सरू. नामंजूर. त्यांच्याकडं पाणीसुद्धा पिणार नाही. नामंजूर. दारातूनच बघते, आत जात नाही. नामंजूर. ज्ञानू आता बोलत नाही, तो काही वावगं बोलणार नाही. सरू. नामंजूर.

आईच्या अशा एकोणीस विनंत्या होत्या. आईनं त्याच्याकडं आजवर काही मागितलं नव्हतं आणि तीन आठवडे ती रोज मागत होती, शेजारच्या पाटावर बसून जेवत होती. वडील किती कडक होते हे तो लोकांना कौतुकानं सांगायचा. आता पडद्यावर तेच नाव लाल अक्षरांत दिसत होतं आणि त्यामागचं बोट त्याचं होतं.

बाहेर जाऊन आईला सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण माणसाला सोपी वाट आधी दिसते. त्यानं आईच्या शेवटच्या विनंतीवर ‘मंजूर’ दाबलं. मग मोनाच्या विनंतीवर ‘मंजूर’ दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, तोच मागून आकारामांचा श्वास कानाशी आला. चहा संपवून ते आत आले होते. फोटोकडं बघून त्यांनी नकळत टोपी काढली आणि मोठ्यानं वाचलं, "मोनाला जयसिंगपूरला द्यावी का. मंजूर. वेळ, एक तास."

"झालं की मग," कृष्णात घाम पुसत म्हणाला.

"लगीन एक तासाचं?"

"म्हंजे... मुहूर्त. अक्षता पडायला तेवढा पुरतोय."

आकारामांनी विचार केला. "पुरतोय," ते म्हणाले. फोटोला नमस्कार करून, पाठ न दाखवता ते खोलीबाहेर पडले आणि खाली बाळाबाईंना गाठायला गेले.

तोवर पाच वाजले होते. यशराज मशीनसमोर आला आणि ओरडला, "आज्जी! मंजूर! तुझी मंजूर झाली!"

सरूबाई पदर सावरत आल्या. कृष्णात दाराआड उभा राहून बघत होता. आई हसेल, पिशवी उचलेल आणि निघेल, मग कोणाला काही सांगायला नको, असा त्याचा हिशोब होता.

"काय लिवलंय, नीट वाच."

"मंजूर. वेळ, एक तास."

सरूबाईंचं हसू ओठावर आलं तसं थांबलं. "एक तास?"

त्या कॉटखालची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या आणि बोटांवर मोजायला लागल्या. "स्टँडवर जायला पाव तास गेला. एस्टीला तासभर लागतोय. म्हंजे कोडोली यायच्या आधीच येळ सरला." त्या शालनकडं वळल्या. "शालन, ज्ञानूला बाजेवर घालून निम्म्या वाटंपातूर आणतील का गं? म्या एस्टीतनंच बघते, उतरत न्हाय."

शालननं तोंडाला पदर लावला. कृष्णातला ते ऐकवेना. तो पुढं आला, यशराजला बाजूला सारलं आणि सगळ्यांच्या देखत वेळेच्या चौकटीत चोवीस तास टाकले. मशीननं क्षणभर विचार केला. मग पडदा काळा झाला. खोलीत कोणीतरी खाकरलं आणि फोटोखाली नवीन वाक्य आलं. सयाजीनं हेही घालून ठेवलं होतं, कृष्णातला माहीत नव्हतं. यशराजनं घाबरत वाचलं : "एक तासाहून जास्त पाहणे डोळ्यांना हितकारक नाही."

"डोळ्यांना?" सरूबाई पुटपुटल्या. "म्हंजे तिकडं गेल्यावर मला बघवणार न्हाय असं कायतर दिसणार हाय."

"तसं न्हाय, आई," कृष्णात म्हणाला.

त्याच क्षणी लाइट गेली. पंखा गरगरत थांबला. खाली गिरणी थांबली. मशीनखालचा बॅटरीचा डबा पीं पीं करायला लागला, आणि खिडकीचे पडदे ओढलेल्या त्या खोलीत गणपतराव एकटेच उजळ राहिले. कोणी हलेना. हळूहळू डब्याचा आवाज खोल जात गेला, मग एकदम पडदा विझला आणि तिथं नुसता अंधार राहिला.

सरूबाईंनी मोठा सुस्कारा सोडला. पिशवीतून एक लुगडं काढलं, घडी घातली आणि कॉटवर ठेवलं. मग दुसरं काढलं.

"आई, ठेव ते," कृष्णात म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "ते बाबा न्हाईत."

"न्हाईत कसं? फोटू हाय. नाव हाय. खाकरत्यात."

"खाकरतोय त्यो सयाजीचा मामा. फोटू म्या दिला. नाव म्या सांगितलं. आन् नामंजूर बी म्याच करत होतो, आई. रोज सांजच्याला. एक बी न वाचता."

सरूबाईंनी दुसरं लुगडंही कॉटवर ठेवलं. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. कृष्णातनं मान खाली घातली होती. आता आई रडेल किंवा एक ठेवून देईल, आणि दोन्हीपैकी काय बरं, ते त्याला ठरवता येत नव्हतं.

"म्हंजे तीन आठवडं तूच?"

"व्हय."

"सगळ्या खेपेला?"

"सगळ्या."

"म्हंजे त्यांनी न्हाय म्हटल्यालंच न्हाय."

"ते कसं म्हणतील, आई?"

"एकदाबी न्हाय?"

"न्हाय की."

सरूबाईंनी कॉटवरचं लुगडं उचललं. "पंचेचाळीस वर्सं संसार केला त्यांच्याबर. नको असलं की ताट ढकलायचे आन् गल्लीला ऐकू जाईल असं वरडायचे. पटलं तर गप बसायचे. तोंडानं व्हय म्हणल्यालं म्या कधी ऐकलं न्हाय. मी रोज इचारलं, तीन आठवडं, चा ठेवून इचारलं. आन् ते गप हायत." त्यांनी लुगडं पिशवीत ठेवलं, त्यावर दुसरं ठेवलं आणि पिशवीचे बंद ओढले. "झालं की मग. यश, चप्पल घाल. मला स्टँडवर सोड."

कृष्णातच्या छातीवरचं ओझं उतरलं. तो लगबगीनं म्हणाला, "जायचं की, आई. पर आज नको. आता अंधार पडंल. उद्या मी अर्धी रजा टाकतो, आपण दोघं लूनावरनं..."

"तुला कोण इचारतंय?" सरूबाई म्हणाल्या.

त्या रागावल्या नव्हत्या. एखादं भांडं जागेवर ठेवताना बोलावं, तशा साध्या आवाजात बोलल्या आणि चपला शोधायला लागल्या. शालननं अंधारात चाचपडत त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. यशराजनं पिशवी खांद्याला लावली. जिन्यात बाळाबाई आणि आकाराम उभे होते. ते बाजूला झाले आणि सरूबाई त्यांच्यामधून पायरी पायरी करत खाली गेल्या.

कृष्णात गॅलरीत धावला. खाली यशराजनं रिक्षा थांबवली होती. सगळ्या गल्लीची लाइट गेलेली, गिरणी बंद, तेवढी एक रिक्षाची घरघर.

"आई, परत कधी येणार?" त्यानं वरून विचारलं.

सरूबाई रिक्षात बसल्या, पदर आत ओढून घेतला आणि म्हणाल्या, "ते तिकडं गेल्यावर ठरवीन."

रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत कृष्णात तिथंच उभा राहिला. आईला ‘जा’ म्हणायचं त्याच्या मनात होतं, ते वडलांसारखं त्याचंही राहूनच गेलं.